पगाराच्या टेबलामागची साक्ष

आमच्या चर्चमधल्या एका तरुणाने मला पत्र लिहिलं. लहानपणी तो माझ्या रविवारच्या शाळेत होता, म्हणून अजूनही मला 'बाई' म्हणतो. पत्रातला मुख्य मजकूर असा:

"बाई, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. साठ-सत्तर माणसांत मी एकटाच ख्रिस्ती. माझ्या जगण्याचा इतरांवर चांगला प्रभाव पडावा, माझ्यातून प्रभू दिसावा, असं मनापासून वाटतं. पण बोललो तर धर्मांतराचा संशय घेतात आणि गप्प बसलो तर विश्वास लपवतोय असं वाटतं. रोज सकाळी वचन स्टेटसला ठेवतो, पण कामाच्या गडबडीत हमालांवर ओरडतोही. घरी बायको म्हणते, तुमचा गोडवा चर्चपुरता. त्यात आता शेठ म्हणतात की काही माल कच्च्या बिलावर काढ. मी काय करू?"

मी ३६ वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली बरीच सोलापुरात, आणि तेवढीच वर्षं चर्चच्या तरुण संघाबरोबर बसले. त्याला लिहिलेलं उत्तर त्याच्या परवानगीने इथे देते आहे. असा प्रश्न पडलेला तो एकटा नाही.

बाळा,

शेठच्या बिलांचं शेवटी बघू, त्याला तयारी लागते. आधी तुझं पहिलंच वाक्य घेते. आपला चांगला प्रभाव पडावा ही इच्छा वाईट नाही. पण तिच्या मागे लागलेल्या माणसाची नजर दिवसभर स्वतःवर राहते. माझी नोकरीतली पहिली चार वर्षं तशीच गेली, म्हणून सांगते.

मी २२ वर्षांची होते, जळीत वॉर्डला ड्यूटी होती. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी एक बाई आणली होती, ऐंशी टक्के भाजलेली. ऐंशी टक्के म्हणजे काय ते आम्हा नर्सेसना कळतं. मला वाटलं, वेळ थोडा आहे, हिला प्रभूविषयी सांगायलाच हवं. मी तिच्या उशीखाली सुवार्तेची पत्रिका ठेवली आणि कानाशी वाकून बोलायला लागले. तिच्या घरी तेलुगू बोलत असत, माझं निम्मं मराठी तिला कळतही नसावं. तेवढ्यात राउंडवर मोठ्या सिस्टर आल्या. त्याही ख्रिस्तीच, मिरजेला शिकलेल्या. त्यांनी एकच विचारलं, "तिचे ओठ बघितलेस का?"

ओठ तडकले होते. सिस्टरांनी कापसाचा बोळा भिजवला आणि तिच्या ओठांवरून हळूहळू फिरवला, दोनदा, तीनदा. सलाईनचा वेग बघितला. अंगाला चादर लागू नये म्हणून वर ठेवलेला लोखंडी सांगाडा सरकला होता, तो नीट केला. मग उशीखालची पत्रिका काढून माझ्या ॲप्रनच्या खिशात घातली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. ती बाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. दोनेक आठवड्यांनी तिची आई वॉर्डात आली, "बोळा फिरवणाऱ्या सिस्टर कुठं आहेत" असं विचारत. कुणीतरी माझ्याकडे बोट केलं तर म्हातारीने मान हलवली, ही नव्हे.

मी तिथे त्या बाईसाठी उभी नव्हते. प्रभूविषयीची माझी साक्ष देऊन झाली का, हे बघायला उभी होते. म्हणून हातभर अंतरावरचे ओठ मला दिसले नाहीत.

तू म्हणशील, पण प्रभूनेच सांगितलंय ना, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या म्हणून? सांगितलंय, मत्तय ५:१६. आणि त्याच डोंगरावर बसून, त्याच प्रवचनात, एक अध्याय पुढे त्याने हेही सांगितलं की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, दान देताना डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका. तरुण संघात मी ही दोन वचनं शेजारी शेजारी लिहायला लावते आणि मुलं गोंधळतात. दाखवायचं की लपवायचं? मला इतक्या वर्षांत कळलं ते असं. पहिल्या वचनात लोक बघतात आणि गौरव स्वर्गातल्या पित्याचा करतात. दुसऱ्यात लोक बघतात आणि वाहवा ते काम करणाऱ्याची करतात. काम तेच, बघणारेही तेच, फक्त पावती कुणाच्या नावाने फाटते एवढाच फरक. आणि तो फरक बाहेरच्याला दिसण्याआधी आपल्याला आतून जाणवतो. केलेलं चांगलं काम कुणाच्या लक्षात आलं नाही आणि आपण रात्री त्यावरून खट्टू झालो, तर पावती आपल्या नावाची होती असं समजावं. मी खूपदा खट्टू झाले आहे.

आता धर्मांतराच्या संशयाबद्दल. हा संशय काल उगवलेला नाही, आणि त्याच्यावर चिडून उपयोग नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला, मिशनने अनाथ पोरं सांभाळली, खिचडी वाटली. त्या काळात चर्चमध्ये आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक. माझ्या पणजोबांना गावात 'दुष्काळातले ख्रिस्ती' म्हणत, भाकरीसाठी देव बदललेले. पणजोबा मरेपर्यंत हे ऐकत राहिले. त्यांचा विश्वास खरा होता हे त्यांच्या मुलांना माहीत होतं, गावाला पटवून देता आलं नाही. कारण देणारा आणि घेणारा एका पातळीवर नव्हते. एकाच्या हातात पातेलं होतं, दुसऱ्याच्या हातात वाडगा. वाडगा धरलेल्या माणसाच्या 'हो'ची किंमत जग करत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही करायला घाई करू नये.

तुझ्या बाबतीत हे फार जवळचं आहे. पगार, उचल, ओव्हरटाइम, सगळं तुझ्या टेबलावरून जातं. मागावरच्या माणसाला हजार रुपये उचल हवी असते तेव्हा तो तुझ्या तोंडाकडे बघत असतो. त्या वेळी तू "रविवारी आमच्याकडे उपासनेला ये" म्हणालास, तर तो येईलही. पण तो तुझ्या देवाकडे येणार नाही, उचलीकडे येईल. मी स्वतःला घालून घेतलेला नियम सांगते: ज्याचं काही माझ्या हातात अडकलं आहे, त्याच्याशी मी आपणहून विश्वासाचा विषय काढत नाही. पेशंटने स्वतः म्हटलं, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा", तरच, आणि तेव्हाही दोन-तीन वाक्यांत, त्याच्या नातेवाइकांसमोर. घटनेच्या २५व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे, तो आहेच. पण दुबळ्या क्षणी कुणाला गाठू नये, हे कायद्यासाठी नव्हे, त्या माणसासाठी पाळायचं.

टिळकांचं उदाहरण मी नेहमी देते. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला बाप्तिस्मा घेतला. घर मोडल्यासारखं झालं, लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. तो काळ बघ, नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा. पण टिळकांनी बायकोवर आपला विश्वास लादला नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या वेळेला, आपल्या डोक्याने विचार करून १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्या कुणाच्या सावलीत राहिल्या नाहीत. नवऱ्याला जी सवलत घेता आली असती ती त्याने घेतली नाही. पगाराच्या टेबलामागे बसणाऱ्याने तर मुळीच घेऊ नये.

मग त्या टेबलामागे बसून करायचं काय? भरपूर आहे.

तुमच्याकडे पीएफ कापतात. तुझ्या कारखान्यातल्या किती जणांना कळतं की पगारातून १२ टक्के जातात, मालकाने तेवढेच घालायचे असतात आणि मालकाच्या त्या बारा टक्क्यांमधले ८.३३ पेन्शनला वळतात? किती जणांना आपला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माहीत आहे? किती जणींच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नाही, आणि हे त्यांना कळणार ते नोकरी सोडून पैसे काढायला गेल्यावर? सोलापुरात मी अशा कितीतरी बायका बघितल्या, वीस वर्षं काम करून हाती काही न लागलेल्या. हिशेब कुणी बुडवला नव्हता, कुणी समजावूनच सांगितला नव्हता. आठवड्यातून एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं दे. एकेकाची पासबुकाची नोंद त्याच्याच फोनवर उघडून दाखव. तेलुगूतले आकडे शिकून घे, एक ते शंभर, फार अवघड नाहीत. याकोबाच्या पत्रात (५:४) न दिलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. तो ओरडा सगळ्यात आधी अकाउंटंटच्या टेबलाशी पोचतो. पगाराची व्हाउचरं तुझ्यामुळे एक दिवससुद्धा अडकली नाहीत, तर ती मी तुझी उपासना समजेन.

दानिएलाची गोष्ट तुला सिंहांमुळे आठवत असेल. रविवारच्या शाळेत आम्हीही सिंहांचीच चित्रं रंगवायला देत होतो. पण सिंह येण्याआधीचं एक वाक्य बघ, ६:४. त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात दोष शोधायचा आटोकाट प्रयत्न केला आणि त्यांना काही सापडलं नाही. परक्या राजाच्या, परक्या धर्माच्या दरबारात तो हिशेब बघत होता. म्हणजे जवळजवळ तुझीच नोकरी.

आणि हे मनातून काढून टाक की प्रामाणिकपणा आपण तिथे नेऊन पोचवणार आहोत. आपलं गाव सिद्धरामेश्वरांचं आहे. बाराव्या शतकात त्यांनी लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला असं सोलापूर सांगतं, आणि आपले लिंगायत शेजारी 'कायक' हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना कष्टाची, सचोटीची पूजाच म्हणायची असते. माझ्या वॉर्डातला सगळ्यात चोख माणूस मुसलमान होता, ड्रेसिंगच्या खोलीतला. त्याच्याकडून मी जे शिकले ते कुठल्या प्रवचनात शिकले नाही. पेशंट शुद्धीवर असो नसो, तो आधी सांगायचा, "आता मी पट्टी काढतोय, दुखेल." आपण चांगुलपणा घेऊन आलो आणि बाकीचे अंधारात बसलेत, अशा नजरेने बघणाऱ्याचा वास लोकांना लांबून येतो.

दसऱ्याचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. खंडेनवमीला मागांची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात. आपली पोरं त्या वेळी हळूच बाहेर सटकतात. सटकू नकोस. आदल्या दिवशी सगळ्यांबरोबर साफसफाई कर, तुझं टेबल पूस, पूजेच्या वेळी शांत उभा राहा. ओवाळणं तुझ्या मनाला पटत नसेल तर मागे उभा राहा, पण उभा राहा. दुसऱ्या राजांच्या पाचव्या अध्यायात अरामी सेनापती नामान हाच पेच घेऊन अलिशा संदेष्ट्याकडे आला होता: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. अलिशाने त्याला भाषण दिलं नाही. 'शांतीने जा' एवढंच म्हणाला. प्रसादाच्या बाबतीत आपल्यातच दोन मतं आहेत आणि पौलाने करिंथकरांना लिहिलं तेव्हाही होती. माझं मत: देणाऱ्याचा हात रिकामा परत जाऊ नये. एकदा मी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेहून आलेला प्रसाद "आम्ही घेत नाही" म्हणून परत केला होता. देणारी आयाबाई रात्रपाळीहून तशीच मंदिरात जाऊन, माझ्या आईच्या आजारासाठी म्हणून तो घेऊन आली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तुला खायचा नसेल तर नको खाऊस, पण तो हात आधी धर.

त्यापेक्षा सोपी आणि जास्त पोचणारी एक गोष्ट आमच्याकडे चालायची, ड्यूटीची अदलाबदल. गड्डा, दिवाळी, ईद, या दिवसांची रात्रपाळी मी मागून घ्यायचे. पहिली दोन वर्षं कुणी काही म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी २४ डिसेंबरला चार्टवर माझ्या नावावर काट मारलेली दिसली, आणि तिथे दुसरीनेच आपलं नाव लिहिलं होतं, न विचारता. त्या रात्री मी कितीतरी वर्षांनी मध्यरात्रीच्या उपासनेला गेले.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जातं ती. सांगते, कारण तू हमालांवर ओरडल्याचं लिहिलं आहेस आणि ते एका ओळीत उरकलं आहेस.

आमच्या वॉर्डात कुलपातल्या इंजेक्शनांचा हिशेब असायचा. प्रत्येक पाळीला मोजून रजिस्टरवर सही करायची. एका पहाटे एक अँप्युल कमी भरलं. मी १६ तास उभी होते. मी म्हटलं, कपाटाजवळ मामा येऊन गेला होता. एवढंच म्हटलं, चोर म्हटलं नाही. पण वॉर्डबॉयबद्दल नर्सने तेवढं म्हणणं पुरतं. त्याला आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी अँप्युल सापडलं, माझ्याच ट्रेच्या कापडाखाली चिकटलेलं. ते मी गुपचूप कपाटात ठेवलं आणि गप्प बसले. त्या रविवारी मी चर्चमध्ये साक्ष दिली, उपकारस्तुती केली, आणि घरी येऊन जेवले. नवव्या दिवशी तो कामावर आला. त्याने मला नेहमीसारखं "नमस्कार सिस्टर" म्हटलं, तेव्हा माझ्याने उभं राहवेना.

जकातदार जक्कयाची गोष्ट (लूक १९) मी मुलांना झाडामुळे सांगत आले. त्यातला हिशेब मला त्या दिवशी वाचता आला. नियमशास्त्रात (लेवीय ६:५) फसवून घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असं आहे. जक्कय चौपट म्हणतो. आणि प्रभूने त्याला ते सांगितलेलं नाही. प्रभू फक्त त्याच्या घरी उतरला.

मी मेट्रनकडे लेखी दिलं. माझ्या सेवापुस्तिकेत नोंद झाली. मामाची आठ दिवसांची मजुरी आणि वर पाचवा हिस्सा पाकिटात घातला. चौपटीची माझी ऐपत नव्हती, किंवा हिंमत नव्हती. सकाळच्या हँडओव्हरला, सगळ्या स्टाफसमोर, मी काय केलं ते सांगितलं आणि त्याची माफी मागितली. तो पाकीट घेऊन निघून गेला. चार महिने माझ्याशी कामापलीकडे बोलला नाही. "माफ केलं" असं तो कधीच म्हणाला नाही. पुढच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता दार वाजलं. त्याच्या मुलीला ताप चढून झटके आले होते, रिक्षा थांबवून तो माझ्या दारात उभा होता. सोलापुरात त्याच्या ओळखीच्या दहा नर्सेस होत्या.

म्हणून तुला सांगते, सोमवारी कामावर गेलास की ज्या हमालावर ओरडलास त्याच्याकडे जा. एकट्यात नको. ज्यांच्यासमोर ओरडलास त्यांच्यासमोरच. "त्या दिवशी माझं चुकलं", बस. कारण सांगू नकोस, गडबड होती वगैरे. मग स्टेटसला वचन ठेवायचं की नाही ते तूच ठरव. माझा विरोध नाही. फक्त हे ध्यानात ठेव की ज्याच्यावर सकाळी साडेदहाला आवाज चढला, त्याच्या फोनवर तुझं सात वाजताचं वचन अजून तसंच आहे.

बायकोचं म्हणणं मी खरं धरते. आपली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. नक्षी तीच, रंग उलटे, पण उलट बाजूला मोकळे धागे लोंबत नाहीत. बायको तुझी ती दुसरी बाजू बघते आहे. तिला समजावायला जाऊ नकोस. एक महिना घरी पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेव आणि पाणी भरायचं काम घे. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, तोही कधी रात्री अकराला, कधी पहाटे. त्या वेळी कोण उठतं, यावरून घरातल्या प्रीतीचा अंदाज येतो, असं मी लग्नाआधीच्या समुपदेशनात पोरांना सांगत असते.

बोलायचं कधी? विचारतील तेव्हा. आणि विचारतात. पेत्राने लिहिलंय (१ पेत्र ३:१५) की तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. 'तयार असा' म्हणजे आधीच शब्द जुळवून ठेवा. आपली पंचाईत अशी की चर्चच्या बाहेर आपल्याला भाषाच सुचत नाही. 'मला ओझं आलं', 'अभिषेक झाला', 'तारण मिळालं', हे ऐकून समोरचा गोंधळून बघतो. साध्या मराठीत तीन वाक्यं तयार ठेव. माझी अशी आहेत: "मी रोज सकाळी येशूसमोर बसते. तिथे मला माझं चुकलेलं दिसतं आणि तरी त्याने मला टाकलेलं नाही हेही कळतं. म्हणून मला तुमच्याशी असं वागावंसं वाटतं." इथे थांबते. पुढे विचारलं तर पुढे. नामानाच्या घरातली ती पळवून आणलेली पोरगी आठव. तिचं नावसुद्धा शास्त्रात नाही. तिने मालकिणीला एकच वाक्य सांगितलं, की शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले तर बरे होतील. ज्यांनी तिला घरातून उचलून आणलं त्यांचंच तिने भलं चिंतलं, आणि त्या घराने तिचं ऐकलं. ती त्या घरात आधी कशी वागली असेल याचा मी खूपदा विचार करते. चिडक्या, कामचुकार पोरीच्या शब्दावर सेनापती प्रवासाला निघत नाही.

तू एक विचारलं नाहीस पण तुला कधीतरी कुणी विचारेल: "तुमच्याच चर्चमध्ये पंचकमिटीच्या निवडणुकीत मारामाऱ्या होतात, जागेवरून कोर्टात केसेस आहेत, ते काय?" खरं आहे ते, अनेक ठिकाणी. झाकू नकोस. "हो, आम्ही तिथे कमी पडलो आहोत, मलाही त्याचं दुःख होतं" असं म्हण. करिंथकरांना पौलाने याच गोष्टीवरून झापलं होतं, भाऊ भावावर फिर्याद करतो म्हणून. आपल्यात कुणी आडनाव विचारून ताट वाढतं का, लग्न जुळवताना जात बघतं का, हेही लोक बघत असतात. तिथे तुझ्या हातात असेल तेवढं कर. तुझ्या बहिणीचं स्थळ बघताय असं ऐकलं. तुझी पहिली परीक्षा कारखान्यात नाही, तिथे आहे.

रमाबाईंविषयी एक सांगते, मग शेठकडे येते. पुण्याहून येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुलींना घेऊन आल्या. लोकांना वाटतं केवढं धैर्य. पण रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील १८७४च्या सुमारास उपासमारीनेच गेले होते, त्या स्वतः भुकेने वणवण फिरलेल्या होत्या. त्या मुली कुणाला 'मदतीची संधी' वाटल्या असतील, रमाबाईंना त्या ओळखीच्या वाटल्या. तुझे वडील गिरणी बंद पडल्यावर दीड वर्ष घरी बसले होते, मला आठवतं. तुझी आई उधारीच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायची. उचल मागायला आलेला माणूस तुला ओळखीचा वाटला पाहिजे. हे शिकवता येत नाही, तुझ्याकडे ते आधीच आहे.

तर शेठ.

कच्च्या बिलावर माल काढणं म्हणजे कर चुकवणं, यात खळखळ करण्यासारखं काही नाही. कागदावर हात तुझा असणार. तू नकार द्यायचा आहेस. पण कसा, यावर सगळं आहे.

आधी घरी बस आणि बायकोबरोबर हिशेब कर. नोकरी गेली तर किती महिने निघतील? तीन महिन्यांचं नसेल तर काय विकता येईल, कुणाकडे राहता येईल, पूर्व भागात गारमेंटवाल्यांकडे अकाउंटंटची जागा आहे का, हे आधी बघ. उपाशी पोटी दिलेला नकार दुसऱ्या दिवशी डळमळतो, आणि डळमळलेला नकार न दिल्यापेक्षा वाईट. बायकोला हे शेवटी कळता कामा नये. तिचाही संसार आहे.

मग शेठना एकट्यात भेट. कुणासमोर नको, त्यांना मान राखायला जागा ठेव. "शेठ, हे काम माझ्याने होणार नाही. बाकी जे सांगाल ते करतो, जास्त वेळ थांबतो." 'आमच्या धर्मात बसत नाही' म्हणू नकोस. त्यांच्याही धर्मात बसत नाही, ते त्यांना माहीत आहे. बायबल उघडू नकोस. धमकी तर सोड, धमकीचा वाससुद्धा येऊ देऊ नकोस, जीएसटीचा शब्द काढू नकोस. आणि तिथून बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर कुणाला सांगू नकोस की मी शेठला कसं सुनावलं. हे सगळ्यात अवघड जाईल, मला माहीत आहे. पण ते सांगितलंस की तो नकार प्रभूसाठी राहत नाही.

शेठ कदाचित चिडतील. कदाचित ते काम दुसऱ्याला देतील आणि तुला ठेवतील, मग रोज ते डोळ्यांसमोर चाललेलं बघावं लागेल. तेव्हा काय करायचं ते आपण तेव्हा बसून बोलू, आज माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही. कदाचित काढून टाकतील. काढलंच तर जाण्याआधी सगळ्या मजुरांची व्हाउचरं पूर्ण कर, पीएफची कागदपत्रं नीट लाव, आणि पुढच्या माणसाला हँडओव्हर दे. आमच्याकडे पळून जाणाऱ्या नर्सलासुद्धा हँडओव्हर देऊनच जावं लागायचं.

पगाराचा दिवस आणि त्याच्या आदला दिवस टाळ, त्या वेळी मालकाचं डोकं ठिकाणावर नसतं. मधला एखादा दिवस बघ, सकाळी, माग चालू व्हायच्या आधी. आत जाण्यापूर्वी मला फोन कर. बोलायचं नसलं तरी नुसती रिंग दे. मी त्या वेळी घरीच असते.